तासिकेवर मोजलेली उमेद

अजिंठ्याच्या डोंगरालगतचा सोयगाव तालुका जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरहून लांब. कापूस-मक्याच्या शेतीवर जगणाऱ्या घरांतली, वाड्या-तांड्यांवरची मुले पदवीला येतात तेव्हा त्यांतल्या अनेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे तेच पहिले असतात. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, पदवीनंतर कुठे जायचे, हे सांगणारे घरी कोणी नसते. ते प्राध्यापकालाच सांगावे लागते. म्हणून खासगी संस्थेतला प्राध्यापक आपल्या कामात समाधानी आहे का, हा प्रश्न एकट्या त्याच्या सुखदुःखाचा नाही. पण आपल्याकडे त्यावर उपाय म्हणून पुढे येतात ती प्रेरणादायी व्याख्याने आणि शिक्षक दिनाचे सत्कार. माझे म्हणणे असे की, उमेदीचा पाया नेमणूकपत्रात आणि पगाराच्या तारखेत असतो; तो कच्चा असेल तर वरचे सगळे फोल आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून एक मांडणी केली. पगार, नोकरीची शाश्वती, वरिष्ठांची वागणूक यांची उणीव माणसाला असमाधानी करते. काम करण्याची खरी ओढ मात्र कामातले यश, जबाबदारी, कौतुक यांतून येते. या मांडणीचा सोयीस्कर अर्थ असा लावला जातो की, पैशाने प्रेरणा मिळत नाही, तेव्हा पगाराचे एवढे काय? पण पगार दुय्यम आहे, असे ती मांडणी सांगत नाही. शाश्वती नसलेल्या माणसाच्या असमाधानावर नुसत्या कौतुकाचा उतारा चालत नाही, असाच तिचा अर्थ निघतो. विद्यार्थ्याला समजले, तो पुढे गेला, हा आनंद अध्यापनात भरपूर मिळतो. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही, हेच ठाऊक नसेल तर त्या आनंदावर आयुष्य उभे करता येत नाही.

महाराष्ट्रातली स्थिती पाहा. अनुदानित कॉलेजांतल्या रिक्त जागांवर तासिका तत्त्वावर नेमणुका होतात. पदवीच्या एका तासिकेला ९०० रुपये धरले आणि आठवड्याला नऊ तासिका मिळाल्या, तर चार आठवड्यांचे ३२,४०० रुपये होतात. सुट्टीत किंवा परीक्षेच्या काळात तासिका बुडाली की मानधनही बुडते. त्याच पात्रतेच्या, सेट-नेट झालेल्या नियमित सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपये आहे, भत्ते वेगळे. विनाअनुदानित कॉलेजांत तर पगाराचा सगळा भार विद्यार्थ्यांच्या शुल्कावर असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात आणि त्यांचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावे, असे स्पष्ट म्हटले आहे. गुजरातच्या सरकारी अभियांत्रिकी कॉलेजांतले कंत्राटी सहायक प्राध्यापक महिना ३० हजारांवर राबत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सहायक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीतले किमान वेतन द्यायला सांगितले.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: कायम झालेले, भरघोस पगाराचे प्राध्यापक तरी कुठे जीव ओतून शिकवतात? काही शिकवत नाहीत, हे खरेच आहे. पण त्यातून एवढेच सिद्ध होते की, शाश्वती एकटी पुरेशी नाही. ती अनावश्यक आहे, हे त्यातून निघत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ग्रामीण भागातल्या लहान संस्थेकडे पैसा येणार कुठून? दुष्काळ-अतिवृष्टीच्या पट्ट्यात शुल्क वाढवणे हा अन्याय होईल, म्हणून पूर्ण वेतनाची जबाबदारी सरकारनेच रिक्त जागा भरून उचलली पाहिजे. मात्र सगळ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. जूनमध्येच लेखी नेमणूकपत्र देणे, ठरलेले मानधन त्याच महिन्यात बँकेत जमा करणे, वेळापत्रक आणि अभ्यासक्रमाच्या निर्णयात तासिकेवरच्या शिक्षकाचेही मत घेणे, त्याला प्रवेशासाठी गावोगाव फिरायला न लावणे, एवढे कोणत्याही संस्थाचालकाला करता येते. प्राध्यापक समाधानी आहेत, असे सांगणाऱ्या पाहण्यांबद्दलही सावध राहावे लागते. अनिश्चित नोकरीतला माणूस प्रश्नावलीत तक्रार लिहायला कचरतो, आणि जो वैतागून नोकरी सोडून गेला तो पाहणीत येतच नाही.

पालकांनी प्रवेश घेताना इमारत आणि निकालाची टक्केवारी जरूर पाहावी. त्यासोबत आपल्या मुलीला शिकवणारे किती प्राध्यापक पूर्णवेळ आहेत आणि त्यांचा पगार वेळेवर होतो का, हेही प्राचार्यांना विचारावे.