थकवा आणि रोजची गोळी

ज्वर आला तर तो मोजतां येतो, जखम झाली तर ती दाखवितां येते. परंतु थकव्याला मोजपट्टी नाहीं. मुंबईच्या उपनगरांत तर तो प्रत्येकाच्याच वाट्याला आलेला असल्यामुळें त्याची कोणी दखलही घेत नाहीं. बोरीवलीहून किंवा मुलुंडहून सकाळच्या गर्दींत लोकल गाडी पकडून कचेरी गांठावयाची आणि रात्रीं तसेंच परत यावयाचें, हा ज्यांचा नित्यक्रम, त्यांनीं थकलों म्हटलें तर नवल तें काय? परंतु याच गर्दींत कांहीं माणसें अशीं असतात, कीं ज्यांच्या थकव्याला आणखी एक अर्थ असतो. एच.आय.व्ही.ची बाधा झालेलीं, अनेक वर्षें नियमानें औषध घेणारीं आणि इतरांसारखींच धडधाकट दिसणारीं अशीं हीं माणसें. त्यांपैकीं एखाद्याच्या मनांत केव्हां तरी विचार येतो, कीं आपण आजारानें नव्हे, औषधानेंच थकलों आहों. रक्ताचे आकडे तर चांगले आले आहेत. तेव्हां ही गोळी कांहीं दिवस बंद ठेवली तर काय बिघडेल? हा विचार स्वाभाविक आहे. म्हणूनच त्याचें उत्तर रागावून न देतां समजावून दिलें पाहिजे.

या गोळीचें मोल कळण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. भारतांत हा विषाणु प्रथम १९८६ सालीं मद्रास येथें आढळला. पुढें दहा वर्षें डॉक्टरांच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें. १९९६ च्या सुमारास तीन औषधें एकत्र देण्याची पद्धति निघाली आणि मरणाच्या दारांतून माणसें परत येऊं लागलीं. परंतु त्या उपचाराचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या वर जाई. २००१ च्या फेब्रुवारींत मुंबईच्याच सिप्ला कंपनीनें, डॉ. युसुफ हमीद यांच्या पुढाकारानें, असा तीन औषधांचा संच एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवासंस्थेस वर्षाला साडेतीनशें डॉलरांत देऊं केला, आणि जगांतील भाव कोसळले. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनें निवडक रुग्णालयांत हें औषध फुकट देण्यास आरंभ केला. त्यांत मुंबईचें जे. जे. रुग्णालय होतें. आज बहुतेकांना दिवसांतून एकच गोळी पुरते. तींत टेनोफोव्हिर, लामिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशीं तीन औषधें असतात.

ही गोळी करते काय? विषाणु रक्तांतील सी.डी.४ नांवाच्या संरक्षक पेशींत शिरतो आणि तेथें आपल्या नकला तयार करवितो. औषध हें नकलांचें काम बंद पाडतें. परंतु कांहीं पेशींत विषाणु निद्रिस्त होऊन दडून बसतो, आणि त्याला तेथून उखडून काढणें या औषधाला साधत नाहीं. तपासणींत ‘विषाणु आढळला नाहीं’ असें लिहून येतें, त्याचा अर्थ तो मोजणीच्या मर्यादेखालीं दबला आहे, एवढाच होय. रोज केर काढला म्हणजे अंगण स्वच्छ दिसतें. तें स्वच्छ दिसतें म्हणून केर काढणें थांबविलें, तर काय होईल हें सांगावयास नको. गोळी थांबविली कीं बहुधा दोन ते चार आठवड्यांत विषाणु पुन्हां रक्तांत दिसूं लागतो. आरंभीं माणसाला कांहींच जाणवत नाहीं. कदाचित् हलकेंही वाटतें, आणि तेथेंच फसगत होते.

औषधाला अधूनमधून विश्रांति द्यावी, ही कल्पना शास्त्रज्ञांनाही सुचली होती, आणि तिची परीक्षा झालेली आहे. ‘स्मार्ट’ या नांवाच्या प्रयोगांत ३३ देशांतील ५,४७२ रुग्ण होते. निम्म्यांनीं औषध अखंड घेतलें. उरलेल्यांचें औषध सी.डी.४ पेशींची संख्या ३५० च्या वर असतां थांबविलें, आणि ती २५० च्या खालीं उतरली कीं पुन्हां सुरू केलें. या दुसऱ्या गटांत गंभीर आजार व मृत्यु यांचें प्रमाण दुपटीहून अधिक भरलें. म्हणून २००६ च्या जानेवारींत नवे रुग्ण घेणें बंद करावें लागलें. विशेष हें, कीं हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांचे मोठे विकारही विश्रांति घेणाऱ्यांतच अधिक आढळले. औषधाच्या त्रासापासून सुटका व्हावी म्हणून जें केलें, त्यानें त्रासच वाढविला.

याखेरीज तीन धोके आहेत. एकत्र घेतलेलीं औषधें शरीरांतून एकाच वेगानें बाहेर पडतात असें नाहीं. मागें एकटें रेंगाळलेलें औषध विषाणूला आवरण्यास अपुरें, परंतु त्याला सावध करण्यास पुरेसें असतें. त्यांतून औषधाला न जुमानणारा विषाणु निपजतो. चार दिवस घ्यावी, चार दिवस टाकावी, या धरसोडीनें तर त्याला शिकवणीच मिळते. दुसरें, ज्यांच्या यकृतांत ‘हिपॅटायटिस बी’चा विषाणु आहे, त्यांच्या बाबतींत याच गोळींतील दोन औषधें त्यालाही आवरून धरतात, तीं एकाएकीं थांबलीं तर यकृताचा दाह उसळूं शकतो. तिसरा धोका घरांतील माणसाला. नऊ देशांत, व त्यांत आपल्या पुण्यासही, १,७६३ जोडप्यांवर झालेल्या एका अभ्यासानें २०११ सालीं दाखवून दिलें, कीं लवकर औषध सुरू केल्यानें जोडीदाराला होणारी बाधा ९६ टक्क्यांनीं टळते. गोळी थांबली म्हणजे तें कवचही गळून पडतें.

मग थकवा खोटा आहे काय? मुळींच नाहीं. मात्र त्याचें कारण शोधावें लागतें, आणि तें बहुधा सांपडतें. झिडोव्ह्युडिन हें जुनें औषध कांहींच्या रक्तांतील लाल पेशी घटवितें. हिमोग्लोबिनची साधी तपासणी तें सांगते आणि डॉक्टर औषध बदलून देतात. एफाव्हिरेंझनें स्वप्नें पडून झोप मोडते. डोल्युटेग्राव्हिरनेंही कांहींची झोप उडते. अशा वेळीं तीच गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानें रात्रींऐवजीं सकाळीं घेतली तर पुष्कळदां भागतें. कित्येकदां गोळीचा दोषच नसतो: पंडुरोग, थायरॉईड ग्रंथीचें मंदपण, मधुमेह, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, आणि विसरूं नये असा क्षयरोग, हीं सर्व थकव्याच्या रूपानेंच प्रथम दारांत येतात. औषध थांबविणारा माणूस यांतलें मूळ दुखणें तसेंच ठेवतो आणि वर दुसरें ओढवून घेतो.

येथें एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. थकवा आला कीं पुष्कळजण औषधांच्या दुकानांतून लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या आपणच आणतात. या गोळ्या, तसेंच आम्लपित्तावरील कांहीं औषधें, डोल्युटेग्राव्हिरला पोटांत अडवून ठेवतात. ज्यांना तीं घेणें आवश्यक आहे, त्यांनीं डोल्युटेग्राव्हिर त्यांच्या दोन तास आधीं किंवा सहा तासांनंतर घ्यावें.

मनाचा थकवा ही याहून अवघड गोष्ट होय. डबींतून लेबल काढून ठेवावें, सर्वांचा डोळा चुकवून गोळी गिळावी, ओळखीचें कोणी भेटूं नये म्हणून घाटकोपरच्या माणसानें दूरचें केंद्र गांठावें. असें वर्षानुवर्षें चाललें म्हणजे गोळी हातीं घेणेंच नकोसें होतें. उदासीनता हा देखील उपचार होण्याजोगा विकार आहे. केंद्रांत समुपदेशक असतात. सोयीच्या केंद्रांत नांव बदलून घेतां येतें. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. रुग्णाच्या संमतीवांचून त्याची स्थिति प्रकट करण्यास तो सामान्यतः मनाई करतो.

तेव्हां थकलेल्या माणसानें डॉक्टरांपुढें स्पष्ट म्हणावें, ‘मला गोळी थांबवावीशी वाटते.’ या एका वाक्यानें तपासणीला दिशा मिळते. थकवा केव्हां सुरू झाला, झोप किती, वजन घटलें काय, खोकला आहे काय, दुसरीं कोणतीं औषधें चालू आहेत, हें कागदावर टिपून न्यावें. आणि उत्तर मिळेपर्यंत गोळी चालू ठेवावी. ज्यानें ती थांबविलीच असेल, त्यानें लाजेनें घरीं बसूं नये. किती दिवस चुकले तें खरें सांगून आजच केंद्रांत जावें. तेथून त्याला पुढील वाट नक्की मिळते.