शिट्टी वाजवण्याआधी

कांद्याच्या हंगामात बागलाण तालुक्यातल्या नामपूरची रात्र बाजार समितीभोवती जागी असते. सकाळच्या लिलावात नंबर लवकर लागावा म्हणून ट्रॅक्टर आणि पिकअप संध्याकाळपासूनच रांग धरतात. ट्रॉलीत कांदा, वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर घोंगडी पांघरून पडलेला मालक. गाव निजलं की गस्तीची पाळी असलेली माणसं काठ्या, बॅटऱ्या आणि शिट्ट्या घेऊन जमतात. आपलं गाव सुरक्षित आहे की नाही, हे ही माणसं कशावरून ओळखतात, ते पाहायला मी त्यांच्यासोबत फिरलो.

सरकारी उत्तर आकड्यात मिळतं. एक लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे नोंदले गेले, त्याला देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी एनसीआरबी गुन्ह्यांचा दर म्हणते. या हिशेबात दखलपात्र गुन्हे येतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनुसार पाच हजार रुपयांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र ठरते. विहिरीवरच्या मोटारीची थोडी केबल कापून नेली, तर ती चोरी सहज या मर्यादेत बसते. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, होते आणि दराच्या आकड्यात ती दिसत नाही. पण डाळिंबाचा बहार धरलेला असताना मोटार बंद पडली, तर शेतकऱ्याचं नुकसान केबलच्या किमतीत मोजता येत नाही. शिवाय एवढ्याशासाठी हातातलं काम टाकून ठाण्यात कोण जाणार, म्हणून पुष्कळ जण एनसीसुद्धा करत नाहीत. त्यामुळे कागदावर शांत दिसणाऱ्या शिवारात माणूस रात्री तीनदा उठून विहिरीकडे बॅटरी मारतो.

गस्तीच्या माणसांना हा न नोंदलेला हिशेब तोंडपाठ असतो. कोणत्या मळ्यातली केबल गेली, कोणाच्या चाळीतला कांदा हलला, भाव चढल्यावर कोणाच्या बागेतली डाळिंबं रातोरात तोडली गेली, हे चालता चालता ते सांगत जातात. चोर केबलचा प्लास्टिक थर जाळून आतलं तांबं काढतात, म्हणून वाऱ्यावर जळक्या प्लास्टिकचा वास आला की सगळे थांबतात. कुत्र्यांचं भुंकणंही ते नीट ऐकतात. एकाच जागचं भुंकणं ते सोडून देतात. भुंकणं एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर सरकत असेल, तर कोणीतरी चालतंय असं धरतात.

पण रात्री चालणारा प्रत्येक जण चोर नसतो, आणि गस्तीचं खरं कौशल्य इथे लागतं. शेतीची वीज अनेक ठिकाणी पाळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी असली की शेतकरी मध्यरात्री पाणी भरायला बांधावर असतो. म्हणून निघण्याआधी आज कोणत्या फीडरला रात्रीची लाइट आहे, हे विचारून घेतात. पिकं निघाल्यावर साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ मेंढ्या घेऊन उतरतात. शेतकरीच त्यांना खतासाठी शेतात बसवतात. त्यांचा वाडा आज कोणाच्या वावरात आहे, हेही गस्तीला ठाऊक असावं लागतं.

मोसम नदीच्या पुलाजवळ एक मोटारसायकल थांबवली. मागे गोणी, नंबरप्लेट चिखलाने माखलेली. एका पोराने शिट्टी तोंडाला लावली होती. सोबतच्या वयस्कर माणसाने त्याचा हात खाली केला. बॅटरीचा झोत डोळ्यांवर न मारता आधी हातांवर, मग गाडीवर टाकला.

“कोन गावना शेतस, भाऊ?”

गाव सांगितलं गेलं. मग कोणाकडे आलात, त्यांचं घर कुठे, गोणीत काय, असे प्रश्न. सगळे त्याच सुरात, आवाज न चढवता. सांगितलेल्या नातेवाइकाला तिथूनच फोन लावला. झोपेतून उठलेल्या त्या माणसाने पाहुण्याला ओळखलं. गोणीत बियाणं होतं. गाडीचा नंबर वहीत लिहिला आणि पाहुण्याला घरापर्यंत सोबत दिली.

हे एवढं सबुरीने का करायचं, त्याचं कारण या भागाला दूर शोधावं लागत नाही. बागलाणला लागून असलेल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी, रविवारच्या बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्याच रात्री मालेगावात अशाच अफवेने घेरलेल्या, लहान मुलासह पाच जणांना पोलिसांनी जमावातून बाहेर काढलं. दोन्हीकडे लोक मुलांच्या काळजीने धावले होते. मालेगावात मधे उभं राहणारं कोणी होतं, राईनपाड्यात ते वेळेवर पोचलं नाही.

चोरी करताना पकडलेल्याचं काय करायचं, हे कायद्यात स्पष्ट आहे. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही पकडू शकतो. पण विनाकारण वेळ न लावता, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मारण्याचा अधिकार कोणालाच नाही. गावात पोलीस पाटील आहे, 112 क्रमांक आहे. राज्यातल्या अनेक गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणेचा टोल फ्री क्रमांकही आहे. त्यावर एकाने दिलेली हाक नोंदणी केलेल्या सगळ्यांच्या फोनवर एकदम वाजते. ही सोय मोठीच आहे. पण चोराची खबर जितक्या वेगाने जाते, तितक्याच वेगाने अफवाही जाते. म्हणून हाक देणाऱ्याने काय पाहिलं आणि कुठे पाहिलं, एवढंच सांगावं. काय वाटलं, ते सांगू नये.

माझं मागणं साधं आहे. गस्त घालणाऱ्या प्रत्येक गावाने दोन वह्या ठेवाव्यात. एकीत लहानातली लहान चोरी तारखेसह लिहावी आणि महिन्याच्या महिन्याला ती पोलीस पाटलाच्या हाताने ठाण्यात पोचवावी. मग कोणत्या शिवारात, कोणत्या रात्री गस्त वाढवायची, हे पोलिसांनाही कळेल. दुसरीत गावात उतरलेल्या मेंढपाळांची, मजुरांची, भिक्षेकऱ्यांची नोंद असावी. त्यांना हुसकावण्यासाठी ती वापरू नये. उद्या रात्री कोणी ‘चोर’ म्हणून ओरडलं, तर ‘थांबा, ही माणसं आपल्या माहितीतली आहेत’ असं गावातल्या कोणालातरी ठामपणे सांगता यावं, यासाठी ती हवी. पहिली वही गावाचा माल राखेल, दुसरी गावाला खुनाच्या पापापासून वाचवेल. दोन्ही लिहिल्या जात असतील, त्याच गावाला मी सुरक्षित म्हणेन.