बटाट्याची उशिरा लागवड : धानाच्या कापणीनंतर उरणाऱ्या थंडीचे गणित

शंकर नगर (रायपूर) : छत्तीसगडच्या मैदानी भागात बटाट्याची लागवड ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकावी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मात्र हा धानाचा मुलूख आहे. उशिरा पक्व होणाऱ्या वाणांची कापणी होऊन शेत मोकळे होईपर्यंत डिसेंबर उजाडतो. शंकर नगरसारख्या निवासी वसाहतीत अंगणात किंवा गच्चीवर बटाटा लावणाऱ्याचा अंदाज चुकला, तर नुकसान चार कुंड्यांपुरते राहते. शेतकऱ्याला मात्र हेक्टरी २५ ते ३० क्विंटल बेणे आधीच विकत घ्यावे लागते आणि या पिकातील मोठा खर्च तोच असतो.

या प्रश्नाचे उत्तर रात्रीच्या तापमानात दडलेले आहे. पानांत तयार झालेली साखर जमिनीखालील फांद्यांच्या टोकाशी साठून कंद बनतो. त्यासाठी रात्री साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान हवे. रात्री उष्ण होऊ लागल्या की साखर श्वसनात खर्च होते; पाला हिरवागार दिसतो, पण खाली कंद पोसत नाहीत. रायपूरमध्ये फेब्रुवारीअखेर उकाडा जाणवू लागतो आणि मार्चमध्ये दिवसाचा पारा ३५ अंशांच्या आसपास पोहोचतो.

नोव्हेंबरच्या प्रारंभी लावलेल्या पिकात कंदधारणा डिसेंबरमध्ये सुरू होते आणि कंद पोसण्यास अडीच महिने मिळतात. १५ डिसेंबरला लावल्यास कंद जानेवारीच्या उत्तरार्धात धरतात. हाती जेमतेम दीड महिना उरतो. म्हणजे महिना-दीड महिन्याच्या विलंबाने कंद पोसण्याचा काळ जवळपास निम्मा होतो. जानेवारीतील लागवड त्यामुळे बहुधा तोट्याचीच ठरते. तेव्हा बेण्यावर पैसा घालण्यापेक्षा ते शेत उन्हाळी मूग किंवा भेंडी-काकडीसाठी राखणे शहाणपणाचे.

डिसेंबरच्या मध्यापर्यंत लागवड करायचीच असेल, तर गेलेले दिवस बेण्यातूनच भरून काढावे लागतात. शीतगृहातून आणलेले बटाटे सावलीत, मंद उजेडात पसरून त्यांना आखूड, जाड कोंब येऊ द्यावेत. असे बेणे जमिनीबाहेर लवकर येते. वाणही घाईचे हवे. १९७२ मध्ये प्रसारित झालेले ‘कुफरी लवकर’ हे नाव मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. ‘कुफरी सूर्या’ हे वाण तुलनेने उष्ण हवेतही कंद धरते. ओळींतील अंतर थोडे कमी ठेवावे आणि नत्राची मात्रा आवरावी. जास्त नत्राने पाला वाढतो आणि कंदधारणा लांबते.

छत्तीसगडात मुबलक असलेला धानाचा पेंढा येथे कामी येतो. पश्चिम बंगालच्या सुंदरबन भागात धान कापल्यावर नांगरणी न करता ओलसर जमिनीवर बेणे ठेवून त्यावर पेंढ्याचा जाड थर देण्याची पद्धत रुजली आहे. मशागतीचे दिवस वाचतात, ओल टिकते आणि माती तापत नाही. थर विरळ होता कामा नये. उजेड लागलेला बटाटा हिरवा पडतो व त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते.

घरगुती लागवडीत वेगळीच अडचण येते. बाजारातील बटाट्यांवर कोंब रोखणारे औषध वापरलेले असू शकते. असे बटाटे कुंडीत आठवडेच्या आठवडे निपचित पडून राहतात. कोंब आलेलेच निवडावेत. सिमेंटची गच्ची दुपारी तापते, म्हणून पिशव्या विटांवर आणि दुपारच्या सावलीत ठेवाव्यात.

उशिराच्या पिकातील बटाटे पुढील वर्षासाठी बेणे म्हणून राखू नयेत. थंडी ओसरताच मावा वाढतो आणि एका झाडावरून दुसऱ्यावर विषाणू नेतो. म्हणूनच मैदानी भागातील बियाणे उत्पादक जानेवारीतच पाला कापून टाकतात. खाण्यासाठीचे पीक असल्यास काढणीपूर्वी आठ-दहा दिवस पाणी तोडावे, म्हणजे साल पक्की होते. काढणी सकाळीच करून माल लगेच सावलीत हलवावा. मार्चच्या उन्हात उघडे राहिलेले बटाटे लवकर सडतात.