यकृतावरील दुहेरी भार

‘आमच्या घरात मद्याला कोणी स्पर्शही करीत नाही, मग यकृताचा विकार कसा?’ असा प्रश्न निर्व्यसनी कुटुंबांतून अनेकदा विचारला जातो. हिपॅटायटिस बी व सी हे विषाणू मद्यातून येत नाहीत. दूषित रक्त, पुन्हा वापरलेली सुई, लैंगिक संबंध किंवा प्रसूतीच्या वेळी मातेकडून बाळाकडे, अशा मार्गांनी ते शरीरात शिरतात आणि अनेक वर्षे लक्षण न दाखविता यकृतात राहतात. म्हणून ‘कधी कावीळ झाली नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

विषाणूमुळे यकृताला सूज येते; ती भरून येताना कठीण व्रण उरतात. मद्याचे विघटनही यकृतातच होते आणि त्यातून निर्माण होणारे ॲसिटाल्डिहाइड पेशींना इजा करते. दोन्ही एकत्र आले की, विशेषतः सी प्रकारात, हानी नुसत्या बेरजेहून अधिक होते. व्यापाऱ्याच्या भाषेत हे सरळ व्याज नव्हे, चक्रवाढ व्याज. सिरॉसिस व यकृताचा कर्करोग ही त्याची अखेर असू शकते.

‘बिअर सौम्य असते’ हा समजही फसवा आहे. ३० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. ५ टक्के मद्यार्काच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम. अशा रुग्णासाठी सुरक्षित प्रमाण ठरविता येत नाही. पूर्ण वर्ज्य हेच पथ्य.

मद्यत्याग श्रावकाच्या मूलगुणांत गणला जातो. त्यामुळेच परगावच्या व्यवहारात घेतलेला पेला घरात लपविला जातो, आणि शेजारी वडील बसलेले असल्याने डॉक्टरांपासूनही. मग निदान व सल्ला अपुऱ्या माहितीवर उभे राहतात. तपासणीच्या वेळी वडीलधाऱ्यांनी थोडा वेळ बाहेर थांबणे, हीही रुग्णसेवाच होय. रोज मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी न सोडता वैद्यकीय देखरेखीखाली सोडावे; अन्यथा झटके येण्याचा धोका असतो.

आज हिपॅटायटिस सी बहुतेक रुग्णांत साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, तर बी औषधांनी आटोक्यात राहतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत सरकारी केंद्रांत तपासणी व उपचार विनामूल्य मिळतात. मद्य घेतो म्हणून कोणाला उपचार नाकारले जाऊ नयेत. मात्र सिरॉसिस झालेल्याने विषाणू गेल्यावरही मद्यापासून दूरच राहावे. घरातील एकाला बी असल्यास इतरांची तपासणी व लसीकरण करावे. नवजात बालकाला पहिली लस २४ तासांच्या आत द्यावी.