ताम्हण : लावणे आणि जगवणे

एप्रिल-मे महिन्यांत उन्हाने सारा परिसर होरपळत असतो, नेमका त्याच वेळी ताम्हण जांभळ्या फुलांनी भरून जातो. ताम्हणाचे फूल हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना हे उत्तर पाठ असते. झाड मात्र पुष्कळांनी ओळखून पाहिलेले नसते. आम्ही बँकेत नोकरी करणारे, वनस्पतिशास्त्राचे पदवीधर नव्हे. तरीही आवडीपोटी जी माहिती जमवली, ती सभासद बंधु-भगिनी व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत.

ताम्हणाचे शास्त्रीय नाव लॅजरस्ट्रोमिया स्पेसिओसा. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी आपले मित्र लागरस्ट्रोम यांच्या नावावरून या प्रजातीला नाव दिले. 'स्पेसिओसा' म्हणजे देखणा. कोकणात व सह्याद्रीच्या परिसरात ओढ्या-नद्यांच्या काठी हा वृक्ष आपोआप वाढतो. फुलाला बहुधा सहा पाकळ्या असतात व त्या चुरगळलेल्या तलम कागदासारख्या दिसतात. मध्यभागी पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो. बागेत दिसणारी चिनी मेंदी ही याच कुळातली, पण ते झुडूप. ताम्हण हा चांगला मोठा वृक्ष होतो. त्याचे लाकूडही टिकाऊ असून पूर्वीपासून होड्या बांधण्यासाठी वापरले जाते.

रोप बियांपासून सहज तयार होते. हिवाळ्यानंतर झाडावरची टणक बोंडे वाळून तडकतात, त्यांतून पंख असलेले हलके बी मिळते. ताजे बी उन्हाळ्यात माती, वाळू व शेणखत यांच्या मिश्रणात वरचेवर पेरावे आणि माती ओलसर ठेवावी. रोपवाटिकेतून रोप आणायचे असल्यास दोन-तीन फूट उंचीचे, सरळ खोडाचे निवडावे.

जागा भरपूर उन्हाची हवी. सावलीत झाड वाढले तरी फुले कमी येतात. विजेच्या तारांखाली लावू नये आणि भिंतीपासून १५ फूट तरी अंतर ठेवावे. मे महिन्यात २ फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून उन्हात तापू द्यावा. चांगली माती व कुजलेले शेणखत यांनी तो भरावा व पहिला चांगला पाऊस झाल्यावर रोप लावावे. लावताना प्लास्टिकची पिशवी काढण्यास विसरू नये! आधाराची काठी सुतळीने सैल बांधावी; तारेने बांधल्यास खोड जाड होताना तार सालीत रुतते.

वृक्षारोपणाचे कार्यक्रम जून-जुलैत होतात, फोटो निघतात. पावसाळ्यात रोप टवटवीत असते. खरी परीक्षा फेब्रुवारीनंतर सुरू होते. ताम्हण मूळचा पाणथळ जागेचा, म्हणून पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला आठवड्यातून किमान दोनदा बादलीभर पाणी द्यावे. बुंध्याभोवती आळे करून पालापाचोळा पसरावा, म्हणजे ओल टिकते. आळ्यावर फरशी किंवा सिमेंट कधीही घालू नये.

आणखी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. हिवाळ्यात ताम्हणाची पाने तांबूस होऊन गळतात व झाड उघडेबोडके दिसते. 'वाळले' असे समजून लोक पाणी बंद करतात, क्वचित उपटूनही टाकतात. अशा वेळी फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवी असल्यास झाड जिवंत आहे. नवी पालवी फुटते आणि तिच्याच शेंड्यांवर फुलांचे तुरे येतात. म्हणून वाळक्या फांद्यांची छाटणी पालवी फुटण्यापूर्वी करावी, नंतर शेंडे छाटू नयेत. मोठे झाड तोडण्याचा विषय निघाल्यास शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार परवानगी लागते, हेही माहीत असावे.

बियांपासूनच्या झाडाला फुले येण्यास काही वर्षे लागतात. बँकेच्या भाषेत बोलायचे तर ही आवर्ती ठेव आहे. हप्ता चुकवून चालत नाही. म्हणून आमची सूचना अशी की, दहा रोपे लावण्यापेक्षा दोनच लावावीत आणि उन्हाळ्याच्या सुटीत पाणी कोण देणार, त्यांची नावे रोप लावतानाच ठरवावीत. वसतिगृहातील मुले सुटीत गावी गेली, तर जवळ राहणाऱ्या सभासदांनी ती पाळी घ्यावी. झाड जगते ते अशा नेमून दिलेल्या हातांमुळेच.