हातावरचा दाणा, पोत्यातला दाणा

दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, ६ ऑगस्ट २०२५ ला आंदोलकांनी ती ताडपत्री फाडली, ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दाणे घालण्यावरच्या बंदीत हस्तक्षेपाला नकार दिला. पुढचं काय ते तज्ज्ञ समितीवर सोपवलं गेलं. कोण कुणाच्या बाजूने घोषणा देत होतं हे वाचकांना तोंडपाठ आहे, त्यामुळे त्या चिखलात मी उतरत नाही. या गदारोळात घराघरांतून एक साधा प्रश्न विचारला जातोय आणि त्याला धड उत्तर देणारं कुणी दिसत नाही: गॅलरीत चिमण्यांसाठी ठेवलेली बाजरीची वाटी आता उचलायची का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. वाटी राहू द्या, पोतं बंद करा. आणि ज्याच्याकडे परसदार किंवा निदान शांत गॅलरी आहे, त्याने वाटीही बाजूला सारून कधी तरी नुसता तळहात पुढे करून बघावा.

हे पटवायला एक ब्रिटिश बाई मदतीला घेतो. लेन हॉवर्ड, मूळ नाव ग्वेंडोलिन, जन्म १८९४. पेशाने वादक, वाद्यवृंदात व्हिओला वाजवायच्या. १९३८ मध्ये लंडनचं सगळं आवरून त्या ससेक्समधल्या डिचलिंग गावाजवळ राहायला गेल्या आणि घर अक्षरशः पक्ष्यांच्या ताब्यात दिलं. खिडक्या उघड्या, खोल्यांमध्ये पक्ष्यांना रात्री झोपायला खोकी. ग्रेट टिट नावाचा चिमणीएवढा पक्षी (आपल्या सह्याद्रीत त्याची राखाडी चुलत भावंडं आहेत) त्यांच्या हातावर बसून खायचा, खांद्यावर बसून वाट बघायचा. प्रत्येक पक्ष्याला नाव होतं आणि प्रत्येकाचा स्वभाव बाईंना माहीत होता: कोण भांडकुदळ, कोण भित्रा, कुणाचा संसार मोडला, कुणी दुसरा थाटला. ‘स्टार’ नावाच्या मादीला तर त्यांनी चोचीने टकटक करून आकडे सांगायला शिकवलं होतं. १९५२ मध्ये त्यांचं ‘बर्ड्स अॅज इंडिव्हिज्युअल्स’ हे पुस्तक आलं. प्रस्तावना जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सलींची.

बाईंकडे पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती, आकडेवारीशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं. स्टारच्या अंकगणितावर शास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या तर त्यांना दोष देता येणार नाही. मीही ते सगळं जसंच्या तसं गिळायला तयार नाही. पण त्यांचा मूळ मुद्दा आजही पक्का वाटतो. पक्षी माणसाला घाबरत असतो तोवर आपल्याला दिसते ती बहुतांशी त्याची भीतीच. भीती गेली की पक्षी दिसायला लागतो.

हातावर दाणा ठेवण्याचा दुसरा फायदा निव्वळ व्यवहाराचा आहे. तळहातावर चिमूटभर दाणे मावतात. ते संपले की संपले. उरलेलं सडत नाही, गर्दी जमत नाही, रात्री उंदीर येत नाहीत. आणि समोरचा पक्षी वीतभर अंतरावर असल्याने तो ठणठणीत आहे की आजारी, हे कळतं. पोतं ओतणारा माणूस पुण्य पदरात पाडून पाच मिनिटांत गाडीत बसतो. त्याने कुठला पक्षी पाहिला, असं विचारा. ‘कबुतरं’ एवढंच उत्तर मिळेल.

पारवेच, म्हणजे ही कबुतरंच, का वाढतात, याचं उत्तर त्यांच्या गळ्यात आहे. चिमणी मोठेपणी दाणे टिपते, पण पिल्लांना तिला अळ्या आणि किडेच भरवावे लागतात. बुलबुल, दयाळ, शिंपी यांच्या पिल्लांनाही किडे लागतातच. म्हणजे तुम्ही शंभर किलो ज्वारी ओतलीत तरी चिमणीचं एक पिल्लू जास्तीचं जगेल याची खात्री नाही. झाडं, किडे, आडोसा नसेल तर ती ज्वारी फुकट. पारव्याचं गणित निराळं आहे. नर आणि मादी, दोघांच्याही गळ्यातल्या अन्नपिशवीत दुधासारखा दाट पदार्थ तयार होतो आणि पिल्लं सुरुवातीला त्याच्यावरच पोसली जातात. किडे शोधायची गरज नाही, ऋतूची वाट बघायची गरज नाही. दाणा मिळाला की वर्षभर अंडी. मूळचा हा कड्याकपारींत राहणारा पक्षी, त्याला आपल्या इमारतींचे छज्जे आणि एसीच्या मागची फळी म्हणजे आयताच कडा. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या २०२३ च्या अहवालात झपाट्याने वाढणाऱ्या पक्ष्यांमध्ये पारवा आहे, यात नवल ते काय? मुंबईतल्या ५१ कबुतरखान्यांतून आपण पक्षी जगवत होतो असं म्हणण्यापेक्षा एकाच जातीला शिधा पुरवत होतो, असं म्हणणं खरं.

आता फुप्फुसांबद्दल. वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काही जणांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, ही अफवा नव्हे. ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ हे त्या आजाराचं नाव. पण या विषयावरचा भारतातला जो मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात १९ शहरांतल्या १,०८४ रुग्णांपैकी ५१३ जणांना हा आजार निघाला आणि त्यातल्या ४८ टक्क्यांचा संबंध होता एअर कूलरशी. कूलरविरुद्ध अजून कुणी मोर्चा काढलेला नाही. याचा अर्थ पारवे निर्दोष सुटले असा नाही. दम्याच्या माणसाने त्यांची घाण झाडूने सुकी झाडू नये, पाणी मारून, तोंडाला मास्क लावून काढावी, आणि जमल्यास दुसऱ्याला सांगावं.

पक्ष्यांना खाऊ घालण्यात ब्रिटिशांचा हात कुणी धरणार नाही. त्यांच्याकडे काय झालं ते बघण्यासारखं आहे. २००५ च्या सुमाराला तिथल्या बागांत ग्रीनफिंच पिसं फुगवून, चोच ओली करून बसलेले दिसू लागले. घास गिळता येत नाही, तो परत थाळीत पडतो, दुसरा पक्षी तोच टिपतो. कारण ठरला ट्रायकोमोनास नावाचा परजीवी. हा मूळचा कबुतरांच्या गळ्यातला पाहुणा! १९९३ पासून ग्रीनफिंच ६२ टक्क्यांनी घटला आणि २०२१ मध्ये थेट लाल यादीत गेला. २०२५ च्या जानेवारीत ‘आरएसपीबी’ या तिथल्या सर्वांत मोठ्या पक्षीसंस्थेने सपाट थाळ्यांची विक्रीच थांबवली. म्हणजे दोष दाण्याचा कमी आणि न धुतलेल्या, गर्दीच्या थाळीचा जास्त.

आपल्याकडे ताटातला घास पक्ष्याला काढून ठेवायची रीत जुनीच आहे. दर वर्षी पितृपक्ष येतो. मग पुन्हा तक्रारी सुरू होतात, कावळा शिवत नाही, तासन् तास पान पडून आहे. गॅलरीला जाळी, खालचं झाड तोडलेलं, वर्षभर कावळ्याला हुसकावलेलं, आणि त्या एका दुपारी त्याने यावं अशी अपेक्षा. कावळा चेहरे लक्षात ठेवतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये आदिमानवाचा मुखवटा चढवून काही कावळे पकडले आणि खुणेची कडी घालून सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करत. आपले कावळे जातीने वेगळे, पण दगड मारणारा कोण आणि पोळी टाकणारा कोण, हे त्यांना कळत नसेल असं मानायला मी तयार नाही.

हातावर पक्षी बोलवायचा असेल तर घाई नको. रोज एकाच वेळी, एकाच जागी बसा. आधी दाणे दूर ठेवा, मग हळूहळू जवळ आणा. तळहात सपाट, बोटं मिटायची नाहीत, डोळ्यांत रोखून बघायचं नाही. महिना लागेल, कदाचित कुणी येणारही नाही. मांजर असलेल्या घरात हा उद्योग करूच नये. धीट झालेला पक्षी मांजरालाही धीटपणे सामोरा जातो. शेव, फरसाण, गाठी अजिबात नकोत, मग ते साळुंकीला असो की खाडीतल्या कुरव पक्ष्यांना.

वाटीच ठेवणार असाल तर सकाळी मूठभर बाजरी किंवा तांदळाची कणी, दुपारपर्यंत संपेल एवढीच. पावसाने भिजलेले दाणे फेका. वाटी आणि पाण्याचं भांडं रोज घासा, पाणी रोज बदला, नाही तर डासांची पैदास तुमच्याच गॅलरीत. पारवे मुक्कामाला आले तर आठ-दहा दिवस वाटी आत घ्या, शेजाऱ्यांनाही घ्यायला सांगा. पिसं फुगवून, डोळे मिटून बसलेला पक्षी दिसला तर खाऊ घालणं लगेच थांबवा. आणि हात साबणाने धुवा.