सकाळच्या शाळेतील निरीक्षणाचा एक दिवस

परिसर अभ्यासाचा पाठ पुस्तकातून घेणे सोयीचे असते. परंतु एप्रिलमधील सकाळच्या शाळेचा एखादा दिवस काढून मुलांना कुंपणाच्या आसपासच निरीक्षणास न्यावे, अशी शिक्षकबंधुभगिनींना माझी आग्रहाची विनंती आहे. रान दूर असले तरी अडत नाही. एक लिंबाचे झाड, बांधावरची रुई, वडाची सावली आणि हातपंपाजवळची ओल एवढे साहित्य पुरेसे होते.

आरंभ ऊन चढण्यापूर्वी करावा. या वेळी सातभाई पाचोळा उलथीत असतात व वेडा राघू तारेवरून झेपावून माश्या टिपीत असतो. चिमणीच्या चोचीकडे मुलांचे लक्ष विशेषेकरून वेधावे. स्वतः दाणे खाणारी चिमणी पिलांना मात्र अळ्या व मऊ कीटक भरविते. पक्ष्यांचा व फुलपाखरांचा पाठ निरनिराळा नाही, हे येथेच कळून येते.

फुलपाखरे अंगास ऊब मिळाल्यावाचून नीट उडत नाहीत. म्हणून त्यांची वेळ थोडी उशिराची. हातपंपाच्या ओलीवर जमलेली पिवळट फुलपाखरे पाण्याबरोबर मातीतील क्षार शोषून घेत असतात, आणि त्यांत बहुधा नरच असतात. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी शोधावयास सांगावी. तीच पुढे हिरवी होते, आणि डिवचली असता डोक्यामागून नारिंगी दुशिंगी अवयव काढून उग्र वास सोडते. २०१५ साली आपले राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले नीलवंतही याच लिंबूवर्गीय झाडांवर वाढते. रुईवरच्या केशरी फुलपाखराचा बचाव वेगळाच आहे. त्याची अळी रुईचा विषारी पाला खाऊन वाढत असल्याने पक्षी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीत; म्हणूनच ते इतके निवांत उडते.

दुपारी इतर पक्षी गप्प होतात, तरी वडावरचा तांबट टुक्‌-टुक्‌ करीतच असतो. कावळे-साळुंक्या चोच उघडी ठेवून का बसतात, असे मुले हमखास विचारतात. पक्ष्यांना घाम येत नाही. उघड्या चोचीतून ते उष्णता बाहेर टाकतात. टिटवी तर माळावरच्या अंड्यांवर सावली धरून उभी राहते, पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते.

टिटवीसंबंधी एक गोष्ट सांगणे मला प्राप्त आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी शिक्षक असताना शाळेच्या संग्रहासाठी ‘मिळेल ते आणा’ असे मुलांना सांगितले होते. एका मुलाने टोपीतून टिटवीची चार अंडी आणली. मी त्याची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा म्हणाला, “गुरुजी, टिटवी अजून तिथंच ओरडतीय. अंडी परत ठेवून येऊ का?” तोवर मी टाचणीने छिद्रे पाडून ती पोकळ केली होती. त्या मुलाला मी काय उत्तर दिले, ते येथे लिहिण्याजोगे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची अंडी उचलण्यास मनाई आहे, हे मला पुढे कळले. पण त्या प्रश्नानंतर कायद्याची गरज उरली नव्हती. यास्तव संग्रह नको, नोंदवही असावी. तारीख, वेळ, जागा आणि प्राणी काय करीत होता, एवढे लिहिले म्हणजे झाले. नाव ठाऊक नसल्यास तसे सांगण्यास शिक्षकाने संकोचू नये.

पतंगांचे काम घरी द्यावे. रात्री ओट्यावरच्या दिव्याखाली जमणारे पतंग मोजावे व त्यांच्या मिशा पाहाव्या. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंगाच्या बहुधा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. कापूस पिकणाऱ्या गावांतील मुलांना कामगंध सापळ्यात अडकणारा गुलाबी बोंडअळीचा पतंग माहीत असतोच. त्याच्यापासून सुरुवात केल्यास घरचे वडीलधारेही चर्चेत ओढले जातात.

सुटी लागताना वह्या जमा करून घेऊ नयेत, मुलांपाशीच राहू द्याव्यात. शाळा उघडते त्या सुमारास पहिला पाऊस झालेला असतो, आणि दिव्याखाली उन्हाळ्यात न दिसलेले कितीतरी पतंग येऊ लागतात.